मीटरवरचा ‘१’ : छतावरचा टॉवर आणि समोरची खोली

लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे प्रकरण आहे. गाव, गल्ली, माणसं आणि कंपन्या ओळखू येऊ नयेत म्हणून नावं वगळली आहेत.

पार्श्वभूमी

गल्ली जुनी, चाळीसेक घरांची. निम्मी घरं स्लॅबची, काही पत्र्याची, आणि आत अजून दोन-तीन माळवदं. गल्लीच्या मध्यावर दुमजली इमारत आहे. खाली दुकानं आणि वर मालकाचं घर. नऊ वर्षांपूर्वी मालकाने गच्ची मोबाइल टॉवरला भाड्याने दिली. टॉवर म्हणजे उंच मनोरा नव्हे. गच्चीवर लोखंडी डांब उभे केले होते, त्यांवर दोन कंपन्यांच्या लांबट पांढऱ्या अँटेना आणि लांबच्या टॉवरशी जोडणारा एक गोल ड्रम. खाली, इमारत आणि शेजारच्या घराच्या मधल्या बोळीत पंधरा केव्हीएचा डिझेल जनरेटर.

टॉवर आला तेव्हा समोरच्या बाजूला एकमजली घर होतं. त्यावर पुढे मजले चढत गेले आणि तीन वर्षांपूर्वी वर आणखी एक खोली निघाली. तिची खिडकी आणि बाल्कनी टॉवरच्या बरोबर समोर येते, अंतर २२ मीटर. त्या वेळी कोणी आक्षेप घेतला नाही. नगर परिषदेत बांधकामाचा नकाशा तपासताना समोर काय आहे हे बघायची पद्धतच नव्हती.

अडचण कशी उभी राहिली

एका वर्षात गल्लीत कॅन्सरचे दोन पेशंट निघाले. एकाला तोंडाचा, एका बाईंना स्तनाचा. त्याच उन्हाळ्यात भारनियमनामुळे जनरेटर रात्र-रात्र चालू राहायचा. बोळीशेजारच्या घरातली आक्का सांगायची, डोकं धरून बसावं लागतंय, झोप म्हणून लागत नाही. या सगळ्याचं कारण लोकांनी एकच धरलं : टॉवरची किरणं. गल्लीत कोपऱ्यावर मुलींची अभ्यासिका आहे आणि अडीचशे मीटरवर शाळा, म्हणून पालकही सामील झाले. मुख्याधिकाऱ्यांना निवेदन गेलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका कॅन्सर रुग्णाच्या अर्जावर ग्वाल्हेरमधला टॉवर बंद करायला सांगितलं होतं, ते कात्रण निवेदनाला जोडलं होतं.

अभ्यासिकेच्या चालकाने ऑनलाइन एक मीटर मागवलं. गल्लीत ते धरलं की लाल दिवा लागायचा आणि आकडा यायचा ३,२००. वर्तमानपत्रात वाचलेली मर्यादा होती ४५०. म्हणजे सातपट! त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. मग तेच मीटर समोरच्या घराच्या वरच्या खोलीत नेलं, तर पडद्याच्या डाव्या टोकाला नुसता ‘१’ दिसला. लोकांनी निष्कर्ष काढला की वर काहीच नाही, सगळी किरणं खाली गल्लीत उतरतात.

दोन्ही निष्कर्ष उलटे होते, आणि प्रकरण पुढचे दोन महिने भरकटलं ते याच्यामुळेच. मीटर दाखवत होतं मायक्रोवॅट प्रति चौरस मीटर, तर वर्तमानपत्रातली मर्यादा होती मिलिवॅट प्रति चौरस मीटर. ४५० मिलिवॅट म्हणजे साडेचार लाख मायक्रोवॅट. ३,२०० हा आकडा त्याच्या पाऊण टक्काही भरत नाही. लाल दिवा कुठल्या आकड्याला लावायचा हे मीटर बनवणारा ठरवतो, त्याचा भारतीय मर्यादेशी संबंध नसतो. आणि डावीकडचा एकटा ‘१’ म्हणजे आकडा मीटरच्या पट्टीबाहेर गेला. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनच्या मल्टिमीटरवरही तार सुटली की हेच दिसतं. पण त्याला विचारायचं कोणाला सुचलं नाही.

मर्यादा नेमकी काय आहे

भारतात टॉवरसाठी १ सप्टेंबर २०१२ पासून अशा किरणांपासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या, म्हणजे आयसीएनआयआरपीच्या मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू आहे. ४०० ते २००० मेगाहर्ट्झमध्ये ती वारंवारितेप्रमाणे बदलते : मेगाहर्ट्झच्या आकड्याला २००० ने भागायचं, उत्तर वॅट प्रति चौरस मीटर. त्यामुळे ९०० ला ०.४५ वॅट, १८०० ला ०.९ वॅट आणि २००० च्या वर सरसकट १ वॅट. एकाच जागी अनेक पट्टे, म्हणजे वेगवेगळ्या वारंवारितेचे बँड, असतील तर प्रत्येकाचं त्याच्या मर्यादेशी गुणोत्तर काढून बेरीज करायची. ती १ च्या आत हवी. नुसते मिलिवॅट एकत्र मिळवून काही कळत नाही.

हँडसेटचं माप वेगळं आहे. तिथे एसएआर, म्हणजे शरीरात किती ऊर्जा शोषली जाते ते बघतात, मर्यादा १.६ वॅट प्रति किलो, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की बहुतेक मॉडेलांत तो आकडा दिसतो. गल्लीतल्या बैठकीत टॉवरची आणि फोनची मापं सर्रास एकमेकांत मिसळली जात होती.

कॅन्सरबद्दल : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना ‘२ब’ गटात टाकलं, म्हणजे ‘कदाचित कारक असू शकेल, पुरावा मर्यादित’. त्या पुराव्याचा मुख्य भाग फोन कानाला लावून वापरणाऱ्यांचा होता. २०२४ मध्ये आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या अभ्यास-आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध दिसला नाही. गल्लीतल्या दोन पेशंटांचे कॅन्सर वेगवेगळ्या अवयवांचे होते, आणि एकाला तंबाखूची पंचवीस वर्षांची सवय होती. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी दोन्ही घरी जाऊन हे शांतपणे विचारलं आणि लिहून घेतलं. ते बरं झालं. ‘तुमच्या माणसाच्या तंबाखूमुळे’ असं भर बैठकीत कोणी बोललं असतं तर पुढचं काही ऐकूनच घेतलं गेलं नसतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय लोकांनी विचार न करताच वापरला. एका संध्याकाळी टॉवरची लाईट तोडली, दुसऱ्या दिवशी नगर परिषदेने दबावाखाली टॉवरच्या खोलीला सील ठोकलं. केंद्राच्या दूरसंचार विभागाने राज्यांना दिलेल्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत किरणोत्सर्गाच्या कारणावरून विभागाच्या संमतीशिवाय सील करू नये किंवा वीज तोडू नये, असं स्पष्ट आहे. कंपनीने तेच पत्र पुढे केलं आणि नवव्या दिवशी सील निघालं.

त्या नऊ दिवसांत एक गोष्ट दिसली. गल्लीत फोनवर आधी उणे ७५ डीबीएमच्या आसपास रेंज असायची (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्यातला आकडा जितका मोठा तितका सिग्नल कमजोर). टॉवर बंद होताच ती दूरच्या टॉवरवरून उणे ११२ पर्यंत घसरली. पत्र्याच्या घरात त्याहून कमी. फोन हातात गरम होऊ लागले, बॅटरी दुपारीच संपू लागली. रेंज कमी झाली की फोन स्वतःची ताकद वाढवतो. वाट दर १० डेसिबलने अवघड झाली की दसपट, कमाल मर्यादेपर्यंत. फोर-जी फोनची कमाल ०.२ वॅट आहे. आकडा लहान, पण फोन कानाला टेकलेला असतो. म्हणजे टॉवर बंद करून गल्लीने आपल्या डोक्याजवळची लहर कमी केली नाही, वाढवली. अभ्यासिकेतल्या मुली नेट मिळावं म्हणून गच्चीवर जाऊन बसत होत्या, ते वेगळंच.

दुसरा पर्याय कोर्टाचा. एका वकिलांनी सरळ सांगितलं : ग्वाल्हेरचा एक आदेश आहे, पण मोजमापाचा कागद हातात नसेल तर नुसत्या भीतीवर आदेश मिळणं अवघड. जून २०२१ मध्ये फाइव्ह-जी विरोधातला दावा दिल्ली उच्च न्यायालयाने दंड लावून फेटाळला, हेही त्यांनी दाखवलं. तिसरा पर्याय मालकाचा भाडेकरार मोडायला लावण्याचा होता. करारात मुदतीआधी मोडला तर भरपाई होती आणि ती मालकाला झेपणारी नव्हती. चौथा पर्याय मोजणीचा. तो सगळ्यात स्वस्त होता, आणि लोक त्याच्याकडे शेवटी वळले.

काय केलं

दूरसंचार विभागाचं तरंग संचार पोर्टल मे २०१७ पासून चालू आहे. नकाशावर आपलं ठिकाण टाकलं की जवळचे टॉवर दिसतात आणि त्यांनी मर्यादा पाळल्याच्या स्वयंप्रमाणपत्राची स्थिती ईमेलवर येते. शंका असेल तर ४,००० रुपये भरून प्रत्यक्ष मोजणी मागता येते. गल्लीने वर्गणी काढली, घरटी शंभर. अर्ज अभ्यासिकेच्या चालकाच्या नावाने गेला. स्वयंप्रमाणपत्र ठीक होतं. पण ते तपासताना एक गोष्ट लक्षात आली. प्रमाणपत्रासोबतच्या आराखड्यात समोरची इमारत अजून दुमजलीच होती.

निर्णयाचा खरा क्षण इथे होता. गल्लीतल्या बहुतेकांना मोजणी टॉवरच्या पायथ्याशी, अभ्यासिकेत आणि शाळेत हवी होती. समोरच्या घरातल्या निवृत्त ओव्हरसिअरने हिशेब मांडला. तो कागद फाईलमध्ये आहे :

अँटेनाचा मध्य जमिनीपासून १३.५ मीटर. त्या बाजूची अँटेना ४ अंश खाली कललेली. २२ मीटरवर ४ अंशाचा उतार म्हणजे दीड मीटर. म्हणून मुख्य झोत समोर पोचतो तेव्हा १२ मीटर उंचीवर. वरच्या खोलीची फरशी १० मीटरवर, उभ्या माणसाचं डोकं साडेअकराला.

या अँटेनाचा झोत बॅटरीच्या झोतासारखा गोल नसतो. तो आडवा साधारण ६५ अंश पसरतो, पण उभा जेमतेम ७ अंश, म्हणजे भाकरीसारखा चपटा. टॉवरच्या बुडाशी उभा असलेला माणूस त्या भाकरीच्या खाली असतो आणि त्याला कडेची गळतीच तेवढी मिळते. २० वॅट पाठवणारी आणि झोतात पन्नासपट एकवटणारी अँटेना धरली, तर झोतात ४० मीटरवर सुमारे ५० मिलिवॅट प्रति चौरस मीटर येतात. २२ मीटरवर तेच १६० च्या पुढे जातात. आणि इथे पट्टे अनेक. २०१३ च्या सूचनांमध्ये समोर त्याच उंचीवर इमारत असेल तर एका अँटेनासाठी २० मीटर, दोनसाठी ३५, चारसाठी ४५, सहासाठी ५५ मीटर अंतर सांगितलं आहे. त्या दिशेला दोन अँटेना होत्या आणि अंतर २२.

मोजणीचे बिंदू म्हणून अर्जात चार जागा लिहिल्या : गल्ली, शाळेचं आवार, वरच्या खोलीची बाल्कनी आणि तिच्यावरची गच्ची. वेळ संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ मागितली, कारण तेव्हा नेटचा वापर जास्त असतो. सकाळी अकराला मोजलं तर टॉवर अर्धा रिकामा असतो. पथकाने प्रत्येक जागी दीड मीटर उंचीवर सहा मिनिटांची सरासरी घेतली. बाल्कनीत आणि गच्चीवर पट्टानिहाय मोजणीही केली आणि टॉवर पूर्ण भाराने चालला तर किती होईल हे काढलं. मोजणीच्या वेळी अर्जदार हजर होते आणि आकडे त्यांच्यासमोर लिहिले गेले.

गल्ली : ३.२ मिलिवॅट. शाळा : २.१ मिलिवॅट. दोन्ही सर्वात कडक मर्यादेच्या एक टक्क्याच्या आत. बाल्कनी : त्या वेळी एकूण ११८ मिलिवॅट, गुणोत्तरांची बेरीज ०.१७. पूर्ण भाराला ९०० च्या पट्ट्यात ०.३१, १८०० मध्ये ०.२१, वरच्या पट्ट्यांत ०.११, बेरीज ०.६३. वरची गच्ची : पूर्ण भाराला ०.०९, कारण झोत तिच्या खालून जात होता.

म्हणजे मर्यादा कुठेच ओलांडलेली नव्हती. कायद्याने कंपनी निर्दोष होती आणि दंडाचा प्रश्न नव्हता. पण ज्या खोलीत मीटरने ‘१’ दाखवला होता, तिथेच गल्लीच्या साधारण सदतीसपट आकडा होता, आणि ज्या घराने तक्रारीवर सही केली नव्हती ते हे घर.

इथे दुसरा निर्णय. ‘मर्यादेत आहे’ म्हणून प्रकरण मिटवायचं, की ०.६३ वर काही करायचं? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा दूरसंचार समितीसमोर गल्लीने मागणी बदलली. ‘टॉवर हटवा’ हे वाक्य काढलं आणि त्याऐवजी तीन मागण्या लिहिल्या : त्या बाजूची अँटेना वळवा, जनरेटर हलवा, टॉवरखालच्या गच्चीच्या बांधकामाची तपासणी करा. आमच्या मते संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल हेच. हटवायचं तर कंपनी वर्षभर लढली असती. वळवायचं म्हणजे दोन रिगर, म्हणजे टॉवरवर चढून काम करणारे कामगार, आणि एका दिवसाचं काम.

कंपनीने अँटेना ३ मीटर वर घ्यायचं आणि कल २ अंशांवर आणायचं सुचवलं. त्याआधी बांधकामाची तपासणी झाली आणि तिथे नवीनच निघालं. डांबांचे पाय कॉलमवर नव्हते, दोन पाय मधल्या स्लॅबवर बोल्ट मारून बसवले होते. पावसाळ्यात तिथूनच मालकाच्या बेडरूममध्ये ओल उतरत होती. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप या भागात कोणी विसरलेलं नाही, आणि आयएस १८९३ या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत हा पट्टा भूकंप क्षेत्र तीनमध्ये आला. डांब उंच केला की वाऱ्याने आणि हादऱ्याने पायावर येणारा ताण वाढतो. म्हणून आधी कॉलमच्या डोक्यावर आय-बीम टाकून भार त्यावर घेतला, बोल्टची भोकं ग्राउट केली, आणि मग डांब वाढवले. या कामाला सहा आठवडे गेले. समोरच्या बाजूची अँटेना शिवाय ३० अंश बाजाराकडे फिरवली.

जनरेटरचं थोडक्यात : आक्कांच्या खिडकीशी रात्री ६१ डेसिबल भरले. निवासी भागात रात्री दहा ते सहा ही मर्यादा ४५ आहे. धुराचं तोंडही खिडकीच्या उंचीला होतं. लिथियम बॅटरीचा संच बसवला, जनरेटर मागच्या बाजूला नेला, धुराडं गच्चीच्या वर काढलं. डोकेदुखीच्या तक्रारी त्यानंतर जवळपास थांबल्या. किरणांच्या खात्यावर टाकलेला त्रास बराचसा डिझेलच्या धुराचा आणि मोडलेल्या झोपेचा होता.

निकाल

फेरमोजणीत बाल्कनी पूर्ण भाराला ०.०४ वर आली. गच्ची मात्र ०.०९ वरून ०.२१ वर गेली. कारण उघड आहे : अँटेनाचा मध्य आता १६.५ मीटर, २ अंशाच्या कलाने झोत समोर पोचतो पावणेसोळा मीटरवर, आणि गच्चीवर उभ्या माणसाचं डोकं साडेचौदाला. खिडकीतून काढलेला झोत गच्चीच्या डोक्यावर जाऊन बसला. ३० अंश फिरवली नसती तर हा आकडा साधारण दुप्पट आला असता. फक्त बाल्कनी पुन्हा मोजून ‘झालं काम’ म्हणायच्या बेतात सगळे होते. ओव्हरसिअरने गच्चीचा आग्रह धरला म्हणून हे कळलं. ०.२१ मर्यादेच्या आत आहे आणि गच्चीवर कोणी झोपत नाही, उन्हाळ्यातले दोन महिने सोडले तर. ते दोन महिने खाटा मागच्या कोपऱ्यात टाकायचं ठरलं. तिथे टाकीची खोली आड येते.

बाजाराकडच्या दोन बोळांत रेंज सुधारली. गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला ती थोडी घसरली आणि तिथून आता तक्रार आहे.

कुठे वेगळं करता आलं असतं

लाईट तोडण्याआधी ४,००० रुपये भरले असते तर दोन महिने आणि एक पोलीस तक्रार वाचली असती. मीटर विकत घेणं चूक नव्हतं. त्याचं एकक न वाचता व्हिडिओ पाठवणं चूक होती. असं मीटर आकडा ठरवायला उपयोगी नाही, पण कुठली जागा दुसरीपेक्षा जास्त आहे हे शोधायला चालतं. अट एवढीच की पट्टी मोठी ठेवायची आणि ‘१’ दिसला तर थांबून विचारायचं.

कंपनीने दर दोन वर्षांनी स्वयंप्रमाणपत्र देताना समोर काय बांधलं गेलं हे गच्चीवरून नुसतं बघितलं असतं, तरी आराखडा जुना राहिला नसता. मालकाने सुरुवातीलाच भार कॉलमवर घ्यायची अट करारात घातली असती तर ओल आली नसती. अजून त्याचं छत एका कोपऱ्यात गळतंच.

आणि नगर परिषद. वरच्या मजल्याला परवानगी देताना जवळच्या टॉवरची अँटेना किती उंचीवर आहे हे विचारणारी एक ओळ अर्जात असती, तर हे प्रकरण उभंच राहिलं नसतं. ती ओळ अजून आलेली नाही. समोरच्या घरमालकाने मात्र परवा आणखी एका मजल्यासाठी नकाशा काढायला दिला आहे. त्याची फरशी १३ मीटरवर येईल, छत १६ वर. ओव्हरसिअरने नकाशाच्या मागे पावणेसोळाला पेन्सिलने आडवी रेघ मारून ठेवली आहे.